बिनउखाण्याचं नाव

आमच्या कोसमटोल्याच्या वेशीवर एक पाटी आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: ‘दारूमुक्त गाव’. अक्षरं माझ्या हातची. चामोर्शीच्या पेंटरने ‘उद्या येतो’ म्हणत तीन आठवडे घालवले, तेव्हा मीच ब्रश घेतला. मी अंगणवाडी सेविका, भिंतींवर आंबे आणि ससे रंगवून हात बसलेला होता. पाटी लागली त्या दिवशी बायांनी तिच्याखाली फोटो काढला. त्यात मी अशी ताठ उभी आहे, जसा काही गावातला शेवटचा थेंब मीच पुसला.

काम आम्ही खरंच केलं होतं, ते मी आजही नाकारणार नाही. आमचा जिल्हा दारूबंदीचा, पण बंदी कागदावर आणि मोहाची दारू नाल्याच्या काठावर. आम्ही पंधरा-वीस बाया मिळून जायचो, मडकी फोडायचो, आंबवलेल्या मोहाचा सडवा मातीत ओतायचो. दोन वर्षांत गावातली विक्री थांबली. मग ग्रामसभेने ठराव घेतला: ‘गावात दारू विकणारा कोणी नाही व पिणाराही कोणी नाही.’ त्यातलं ‘पिणाराही कोणी नाही’ हे मी हट्टाने घालायला लावलं. नुसतं ‘विकणारा नाही’ मला अर्धवट वाटत होतं. त्या हट्टाला काय म्हणावं हे आता मला सुचत नाही, आणि जे सुचतं ते लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा माझा नवरा गावात नव्हता. राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीवर डंपर चालवायचा, दोन महिन्यांतून एकदा घरी यायचा. त्याचं नाव मिथुन. लिहिताना मी मिथुन लिहिते, बोलताना कधी नाव घेतलं नाही. ‘दिव्यानीचे बाबा’, नाहीतर नुसतं ‘हे’. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. मी बारावी शिकलेली, विहारात सगळ्यांच्या पुढे बसून वाचणारी, जुन्या चालीरीतींवर हसणारी बाई, पण नावाच्या बाबतीत माझी जीभ माझ्या आजीचीच आहे.

रोवणीच्या दिवसांत मात्र तो सुट्टी काढून यायचाच. आमच्याकडे बाया ओळीने वाकून धान रोवतात, एकेक पाऊल मागे सरकत, आणि माणसं पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या त्यांच्या मागे फेकतात. जुडी कुठेही पडून चालत नाही. रोवणारीला मागे वळून शोधावी लागली की ओळ मोडते. मिथुनची जुडी बरोबर माझ्या टाचेपाशी पडायची आणि मुद्दाम एवढा चिखल उडवायची की माझी पाठ भरून जावी. बाया हसायच्या. मी वाकलेली असल्यामुळे मीही हसते आहे हे कोणाला दिसायचं नाही. त्या चिखलाची मला इतकी आठवण येते, की सांगायला लाज वाटते.

खाणीवर तो प्यायला लागला. मग काम सुटलं आणि घरी आला, तेव्हा कळलं की दारू ही अर्धीच गोष्ट होती. दारू सुटली की झोप जायची. झोप गेली की भिंतीतून कोणी हाक मारतंय असं म्हणायचा, कानांवर हात ठेवून गोठ्यात बसायचा. ती हाक बंद करायला पुन्हा प्यायचा. गावात विक्री नव्हती, पण नाल्यापलीकडे होती, आणि नाल्याला काही कुंपण नाही.

तीनदा त्याला नागपूरच्या पुढच्या एका केंद्रात नेलं. ऑटोने चामोर्शी, तिथून गडचिरोली, तिथून नागपूर, तिथून पुन्हा एक बस. सकाळी निघालं की दिवेलागणीला पोचायचं. माणसं चांगली आहेत तिथली. तिथल्या नूतन मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, की हे दोन आजार एकमेकांचा हात धरून आलेत, तीन महिन्यांत जाणार नाहीत, दोन-तीन वर्षं लागतील. दर आठवड्याला बोलणारं माणूस पाहिजे, गोळ्या पाहणारं पाहिजे, आणि घर जवळ पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी त्यांच्याकडे होत्या. तिसरी माझ्याकडे होती, आणि मधे अख्ख्या दिवसाचा रस्ता होता.

दुसऱ्यांदा तो घरी आला तेव्हा दोन महिने अगदी बरा होता. दिव्यानीला सायकलवर शाळेत सोडायचा. मग पुराने रस्ता बंद झाला, गोळ्या संपल्या, आणि एका सकाळी दहावीतल्या माझ्या पोरीने बापाला नाल्याच्या पुलावरून मनगटाला धरून घरी आणलं. वाटेत ती त्याच्याशी काय बोलली ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. तिसऱ्यांदा तो स्वतःच म्हणाला, मला नेऊन सोड. त्याला आता आठ महिने झाले.

रविवारी दुपारी चारला फोन लागतो. तिथे सध्या तीन मिथुन आहेत, म्हणून कचेरीतला माणूस खाटेच्या नंबराने ओळखतो. ‘‘चौदा नंबर देता का,’’ मी विचारते. मलाही ते सोयीचंच होतं.

उन्हाळ्यात एकदा मी त्याला विचारलं, ‘‘घरी येता का आता? आवाज तं चांगला वाटून राह्यला तुमचा.’’

‘‘येऊन करू काय?’’ तो म्हणाला. ‘‘इथी दर मंगळवारी मॅडम बोलते माह्यासंग. तिथी कोण हाये? मांगच्या वेळेस काय झालं, तुले माहीत नाई का?’’

मग तोच पुढे म्हणाला, ‘‘चामोर्शीले असं काई असतं ना प्रिया, तं मी पायी आलो असतो.’’

त्या वाक्याने मला झोपू दिलं नाही. मी अर्ज लिहिला. तालुक्याला वीस खाटांचं केंद्र पाहिजे, व्यसनाचं आणि मनाच्या आजाराचं एकाच ठिकाणी, लांब मुदतीचं, आठवड्याला भेटता येईल असं. हेमलकशासारख्या आडरानात दवाखाना उभा राहू शकतो, तर चामोर्शीला वीस खाटा का नाही, असंही लिहिलं. अर्ज घेऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत गेले.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, अर्ज पूर्ण वाचला, आणि कपाटातून एक फाईल काढली. ‘‘मॅडम, तुमच्या भागातून रुग्ण शून्य आहेत. गावागावांचे ठराव आहेत माझ्याकडे. हे बघा, तुमचंच गाव.’’

मी पाहिलं. ‘व पिणाराही कोणी नाही.’ खाली माझी सही, अगदी ठसठशीत. नावाखाली दोन रेघा मारायची मला सवय आहे. त्या दोन रेघांकडे मी बघत राहिले.

‘‘नवा ठराव आणा,’’ साहेब म्हणाले. ‘‘पण नुसता आकडा नको, आकडा कोणीही टाकतो. नाव आणि वय पाहिजे. यादी कपाटाबाहेर जाणार नाही. तुम्ही आणा, मी आकडा वर पाठवतो.’’

रोवणी तोंडावर आली होती, तरी मी ग्रामसभा बोलवायला लावली. समाजमंदिरात माणसं एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. ग्रामसेवक आदेश वही उघडून बसला. मी उभी राहून सगळं सांगितलं. नूतन मॅडमचं सांगितलं, वीस खाटांचं सांगितलं. सगळे ऐकत होते. नावांचं सांगितलं तेव्हा सगळ्यांना एकदम जमिनीवर काहीतरी दिसायला लागलं.

नथ्थूभाऊ उठले. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, पांढरा सदरा, गावात त्यांच्या शब्दाला मान. ‘‘पाटी तुमीच लावली न बाई? आता तुमीच गावाचं नाक कापता? बाहेरगावचे लोक पोरी देतीन का मंग आमच्या पोराईले?’’

‘‘रोग्याचं नाव सांगनं म्हंजे नाक कापनं हाये का, भाऊ?’’ मी म्हणाले.

‘‘मंग सांगा न. पयले तुमच्या घरचं सांगा.’’

आदेशने पेन सरसावलं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझा नवरा कुठे आहे हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, कोंबड्यांनाही माहीत होतं. मी तोंड उघडलं. ‘‘माह्या घरचा एक,’’ म्हणाले.

‘‘नाव, मॅडम?’’ आदेश म्हणाला.

आणि माझ्या तोंडातून नाव निघालं नाही. चाल आडवी आली म्हणावं तर खोटं होईल. लाज होती ती. ठरावावर दोन रेघा मारणारी मी, गावासमोर स्वतःच्या माणसाचं नाव आजाऱ्यांच्या वहीत घालू शकले नाही. मी खाली बसले. पुढची सभा आठ दिवसांनी ठरली, आणि नथ्थूभाऊ चप्पल घालताना चांगले प्रसन्न दिसत होते. मला त्यांचा राग आला होता, पण स्वतःचा त्याहून जास्त आला होता.

चौथ्या दिवशी रविवार होता, अंगणवाडीला सुट्टी. नथ्थूभाऊंच्याच धानाच्या बांधीत रोवणी होती. त्यांची बायको गुणाबाई मला बोलवायला आली, आणि गुणाबाईला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. आम्ही अकरा बाया. ओळ लागली. चिखल पोटऱ्यांपर्यंत, पाठीवर मेणकापड, डोळ्यांसमोर फक्त आपले हात आणि पाणी. जुड्या फेकायला भाड्याने आणलेला गडी होता, तो वाटेल तिथे फेकत होता.

ओळीत या वर्षी नवी सून होती, दुर्गा. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेली. नव्या सुनेला रोवणीत नाव घ्यायला लावायचं ही आमची जुनी मस्करी. नाव घेतल्याशिवाय तिला जुडी द्यायची नाही.

‘‘घे वं दुर्गे, नाव घे.’’

‘‘नाई बाप्पा.’’

‘‘मंग बस तशीच. जुडी नाई भेटत.’’

दुर्गाने वाकल्या वाकल्याच घेतलं: ‘‘हिरव्या हिरव्या बांधीत पांढरा बगळा, चैतूरावांचा जीव माझ्यात सगळा.’’ बाया खिदळल्या. कोणीतरी चिखल उडवला. मग दुसरीला घ्यायला लावलं, मग तिसरीला. आणि मग गुणाबाई म्हणाली, ‘‘संघप्रिया, तू घे आता. तू तं शिकेल हायेस.’’

ती मस्करीच होती. पण मी मागे हात नेला आणि जुडी नव्हती. दोन हात लांब, भलतीकडे पडली होती. तेवढ्याने माझ्यात काहीतरी सुटलं.

‘‘मिथुन,’’ मी म्हणाले.

‘‘असं कसं? उखाना कुठी हाये?’’

‘‘उखाना नाई. मिथुन. वय एक्केचाळीस. दारूबी हाये आन डोक्याचंबी हाये. आठ महिने झाले, तिथी हाये, इथी कोनी पाहनारं नाई म्हनून येऊन नाई राह्यला. मले त्याले घरी आनाचं हाये, बाई. बस.’’

कोणी हसलं नाही. कोणी सरळही उभं राहिलं नाही. ओळ एक पाऊल मागे सरकली, सगळ्यांचे हात चालूच होते. पाण्यात रोपं खोवली जाण्याचा तो बुडबुड आवाज तेवढा येत होता.

‘‘नथ्थू,’’ गुणाबाई म्हणाली.

मला वाटलं, ती नवऱ्याला हाक मारते आहे. पण गुणाबाईने चाळीस वर्षांत त्यांना नावाने हाक मारलेली नाही, आणि नथ्थूभाऊ शेताच्या कडेला धुऱ्यावर नव्हतेही.

‘‘हे बाटली गोठ्यात ठेवते,’’ ती म्हणाली. ‘‘ढेपीच्या पोत्याच्या मांगं. पाटी लागली तवापासून तिथीच पेते. पयले चारचौघात पेत होते तं दोन घोट कमी पेत होते. आता एकटे पेते. सकाळी हात कापते, मी चहाचा कप धरतो तवा पेते.’’

‘तवापासून’ या एका शब्दाने माझी पाटी माझ्याच डोक्यात पडली. मडकी फोडली त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मडकी फोडल्यावर त्या पिणाऱ्याचं काय होईल, हे आम्ही पंधरा-वीस जणींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं. गाव स्वच्छ झालं आणि माणसं गोठ्यात गेली.

त्या ओळीत आणखी नावं आली. लागोपाठ नाही. एक नाव आलं, मग बराच वेळ नुसती रोवणी. मग धुऱ्याजवळ पोचता पोचता एकीने भावाचं सांगितलं. एकीने स्वतःचं सांगितलं, दारूचं नाही, बाळंतपणापासून रडू थांबत नाही त्याचं. आम्हाला वाटायचं, ती आळशी आहे. एकमेकींची तोंडं दिसत नव्हती म्हणून बोलता येत होतं. समाजमंदिरात ते कधीच झालं नसतं. चारजणी काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांना कोणी विचारलंही नाही.

बांधी संपत आली. शेवटच्या ओळीत दुर्गा माझ्या शेजारी होती. ती फार हळू म्हणाली, ‘‘चैतू.’’

मी तिच्याकडे पाहिलं नाही.

‘‘चोवीस वर्षं,’’ ती म्हणाली. ‘‘लिवून घ्याल का, बाई?’’

‘‘लिवतो,’’ मी म्हणाले. तिचा बगळ्याचा उखाणा अजून माझ्या कानात होता.

आठव्या दिवशी सभा भरली. मी वहीचा कागद घेऊन उभी राहिले. या वेळी पहिलं नाव मी वाचलं. मिथुन रामटेके, एक्केचाळीस. माणसांच्या बाजूला कोणीतरी खोकलं. दुसरं नाव वाचण्याआधी मी गुणाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

‘‘नथ्थू भांडेकर,’’ मी वाचलं.

नथ्थूभाऊ उठले. ‘‘माह्यं नाव कोनं देल्लं?’’

‘‘मी घेतलं,’’ गुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला आणि सगळ्या गावासमोर त्यांच्याकडे सरळ पाहिलं. ‘‘लग्नात घेतलं होतं, आता दुसऱ्यांदा घेतलं. तुमाले पाटी पाह्यजे का मी पाह्यजे, ते सांगा.’’

त्यांचा उजवा हात कापत होता. तो त्यांनी डाव्या हातात धरला, पण मग डावाही कापायला लागला, आणि ते सगळ्यांना दिसलं. मला त्यांचा राग आलेला होता तो तिथेच गेला. ते आदेशकडे वळले आणि म्हणाले, ‘‘वय एकसष्ट लिव. बासष्ट पुढच्या महिन्यात लागते.’’

सात नावांचा ठराव झाला. जुन्या ठरावातले ‘पिणाराही कोणी नाही’ हे शब्द रद्द झाले. पाटी काढायची की ठेवायची यावर मात्र दीड तास भांडण झालं आणि काहीच ठरलं नाही. ती अजून तिथेच आहे. साहेबांनी ठराव घेतला, शिक्का मारला. शेजारच्या गावांचेही आले तर बरं होईल, म्हणाले. मी आता शनिवारी शेजारच्या गावांत जाते. रोवणी संपली, पण निंदणी आहे, पुढे कापणी आहे. तिथल्या सभेच्या आधी मी बायांबरोबर तासभर वाकते. केंद्र कधी होईल, हे मी साहेबांना विचारलं. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही, म्हणाले.

मला दोन वर्षं थांबायचं नाही. मला तो या कापणीला घरी पाहिजे. हे मी साहेबांना सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते.

सभेनंतरच्या पहिल्याच रविवारी चार वाजता मी फोन लावला. दिव्यानी माझ्या शेजारी बसली होती. तिकडून तोच नेहमीचा माणूस बोलला, ‘‘बोला. चौदा नंबर ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘मिथुन द्या. मिथुन रामटेके. कोसमटोल्याचे.’’

फोन स्पीकरवर असावा. कारण तिकडे खुर्ची सरकली. मग फक्त श्वास ऐकू आला. तो मला ओळखीचा होता.

‘‘प्रिया,’’ तो म्हणाला, ‘‘अजून एकदा घे.’’